साऱ्या गावाची कोमारे

आमच्या व्हेर्नालात एखाद्या माजलेल्या गड्याला वठणीवर आणायचं असेल तर शिपाई बोलवावा लागत नाही. कुणीतरी नुसतं म्हणायचं, "थांब, कोमारेला सांगते." मग तो कातडी कमावणारा धिप्पाड बाप्या असो नाहीतर बाजारात सुरी मिरवणारा टगा, त्याचा आवाज एकदम खाली येतो. कारण तिनं त्याला उघडानागडा, थंडीनं निळा पडलेला आणि भोकाड पसरलेला पाहिलेला असतो, आणि चार लोकांत ते सांगायला ती मागेपुढे पाहत नाही.

ही कोमारे म्हणजे नुता. खरं नाव बेंवेनुता, पण एवढं लांब नाव घ्यायला आमच्याकडे सवड कुणाला आहे?

पुढची सगळी भानगड ज्या नात्यावरून झाली ते आधी सांगून टाकते. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीबुवा मुलाला तीनदा पाण्यात बुडवतात आणि विचारतात, "कोण घेतंय?" जी बाई ते ओलं मूल त्यांच्या हातून आपल्या हातात घेते, ती त्याची धर्माची आई आणि त्याच्या आईबापांची कोमारे. बाप तिचा कोम्पारे. हे नातं एकदा लागलं की मरेपर्यंत सुटत नाही. कोमारेशी भांडता येतं, तिच्याकडून मीठ-पीठ उसनं आणता येतं, अवेळी तिचं दार वाजवलं तरी कुणी वाकडं बोलत नाही. फक्त लग्न करता येत नाही. सख्ख्या बहिणीशी लग्न करण्याइतकं ते पाप. बिशपांनी तर हुकूमच काढला होता की एका मुलाला एकच धर्माची आई किंवा बाप, नाहीतर उद्या गावात लग्नाला कुणी उरायचं नाही.

मी तेद्दा. बाप्तिस्म्याच्या देवळामागची पावाची भट्टी माझी आहे, नवरा गेल्यापासून मीच चालवते. त्यामुळे त्या देवळाशी माझा संबंध भिंतीला भिंत लागून आलेला. मोठ्या चर्चच्या दारासमोर ते एकटं उभं आहे, हिरव्या-पांढऱ्या संगमरवराच्या पट्ट्यांचं, आठ बाजूंचं. आठच का, तर म्हणे देवानं सात दिवसांत जग केलं आणि आठवा दिवस नव्या जन्माचा. असेलही. माझ्या सासऱ्याचं म्हणणं होतं की गवंड्यांना सात बाजू नीट मापता आल्या नाहीत. दारात दोन दगडी सिंह आहेत, त्यांच्या पाठीवर खांब. गरोदर बायका जाता-येता डावीकडच्या सिंहाच्या नाकावरून हात फिरवतात, त्यामुळे त्याला आता नाक राहिलेलं नाही, आणि उजवीकडचा अजून नवाकोरा आहे. त्याच्या नाकानं काय घोडं मारलं होतं, हे मला कुणी सांगितलं नाही.

गावात चर्चं वाटेल तेवढी आहेत, पण बाप्तिस्म्याचं कुंड हे एवढंच. सरदाराचं पोर असो की हमालाचं, ख्रिस्ती व्हायचं तर इथंच, आणि तेही ईस्टरच्या आदल्या शनिवारी. मूल मरायला टेकलेलं असेल तर गोष्ट वेगळी. एरवी वर्षभर जन्मलेली सगळी त्या एका दिवसावर. काय ती झुंबड! मध्यभागी ते भलंमोठं दगडी कुंड, आणि त्याच्या जाड कठड्यात कंबरभर खोल असे चार गोल खळगे कोरलेले. त्यात चार पाद्री उतरून उभे राहतात. बाहेर उभे राहिले असते तर आयांनी त्यांनाच पाण्यात ढकललं असतं. ज्या कुणी ते कुंड घडवलं, त्याला आमच्या गावच्या बायका चांगल्या माहीत असणार.

देवळाचं धुणं नुताकडे होतं. वेदीवरची कापडं, पाद्रीबुवांचे झगे आणि मुलांना गुंडाळायची पांढरी दुपटी. त्या शनिवारी माझे पाव निघाले की भट्टीच्या तोंडाशी ती दुपटी ऊन करायची, टोपलीत घालून धावत कुंडाशी न्यायची आणि धर्माच्या आयांच्या हातात द्यायची. तिचं काम एवढंच. मूल धर्माच्या आईनं घ्यायचं, दुपटं हिनं पुरवायचं. पण नुता सोळा वर्षांची असताना एका नावाड्याच्या पोराची ठरलेली धर्माची आई आलीच नाही. बाळाला काहीतरी भेट द्यावी लागते ना, तिच्या नवऱ्यानं हात आखडता घेतला. पाद्रीबुवा विचारताहेत, "कोण घेतंय?" आणि कुणी पुढे येईना. नुता दुपटं घेऊन शेजारीच होती. तिनं घेतलं.

झालं. ज्याला कुणी मिळत नाही त्यानं नुताला धरायचं, ही रीतच पडली. गाढववाले, चिंध्या विकणाऱ्या बायका, नवऱ्यानं टाकलेल्या, गावात नव्यानं आलेल्या. मी तिला ओरडायची.

"अगं, नाही म्हणायला शीक की जरा!"

"म्हणते की. घरून निघताना पाठच करून निघते."

"मग?"

"मग ते ओले हात समोर येतात आणि तोंडातून भलतंच निघतं बघ."

त्याचा परिणाम काय झाला? विसाव्या वर्षी तिच्यावर एका खोगीर शिवणाऱ्याचं, बिंदोचं, मन जडलं होतं. हुंड्यावरून त्याच्या बापानं घोळ घातला आणि बिंदोनं दुसरीच केली. वर्षाच्या आत त्याचा मुलगा पाण्यातून कोणी घेतला? हिनंच. पुढे बिंदोची बायको तापानं गेली, तेव्हा हा गडी दाढी करून, नवी टोपी घालून तिच्या दारात उभा.

"नुता, आता मध्ये कुणी नाही."

"अरे बाबा, मध्ये तुझा मुलगा आहे," नुता म्हणाली. "तू माझा कोम्पारे लागतोस. विसरलास?"

तो खरंच विसरला होता. तिथंच पायरीवर बसून रडला, आणि हिनं त्याला वाटीभर चण्याचं कढण देऊन घरी पाठवलं.

म्हणजे पाहा: तिशी उलटलेली बाई, तरुण पोरांना ती नको, आणि तिच्या वयाचे विधुर सगळे तिचे कोम्पारे. माझ्या भट्टीवर पाव भाजायला येणाऱ्या बायका तर बोटांवर मोजायच्या की गावात अजून कुणी शिल्लक आहे का. नुताही त्यांच्यात बसून मोजायची. हसायची. पण एकदा सगळ्या गेल्यावर ती मला म्हणाली, "तेद्दा, मला खरंच आवडलं असतं गं, कुणीतरी जेवायला घरी येतंय म्हणून खिडकीत उभं राहायला." ती अशी बोलणाऱ्यातली नव्हती.

आणि मग व्हेनिसहून ओर्सो आला.

बाप्तिस्म्याच्या देवळाचा घुमट आतून बोडका होता. लोकर-व्यापाऱ्यांच्या संघानं ठरवलं की तो सोन्याच्या काचेच्या चित्रांनी भरायचा, म्हणून व्हेनिसचा मिस्त्री बोलावला. ओर्सोमिस्त्री बायकोला घेऊन आला, बरोबर दोन गाड्या भरून काच. देवळाच्या आत परांची चढली, आणि हा माणूस वर उताणा पडून ओल्या चुन्यात एकेक काचेचा खडा बोटानं दाबत बसायचा. मी एकदा पाव पोचवायला वर गेले, परत खाली यायला मला दोघांनी धरावं लागलं. पण पाहिलं ते पाहिलं. खडे सगळे वाकडेतिकडे. मी म्हटलं, "मिस्त्री, हे काय, माझ्या पायऱ्यासुद्धा याहून सरळ आहेत."

"सरळ बसवलं की सोनं झोपतं, तेद्दाबाई," तो म्हणाला. "वाकडं बसवलं की खाली मेणबत्ती हलली तरी ते जागं होतं."

बोलायला गोड, ही व्हेनिसची माणसं असतातच तशी. बोली मात्र अशी की निम्मं कळायचं नाही.

नुताची आणि त्याची पहिली भेट भांडणानंच झाली. यॉर्दन नदीत येशूचा बाप्तिस्मा चाललाय, पाणी कमरेपर्यंत, आतले मासेसुद्धा दिसताहेत, आणि काठावर दोन देवदूत हातात कापड घेऊन उभे, एवढा भाग पुरा झाला होता. नुता खाली फरशी पुसत होती. तिनं मान वर करून पाहिलं आणि ओरडली, "अहो मिस्त्री! तुमच्या देवदूतांना कापड धरता येत नाही!"

वरून डोकं बाहेर आलं. "काय?"

"हात कापडाच्या आत लपवलेत! असं ओलं माणूस घेतलं तर सटकेल की ते!"

"देवाला उघड्या हातानं शिवू नये म्हणून झाकलेत. आदर असतो तो, बाई."

"देव झाला म्हणून काय झालं, ओला तो ओलाच!"

त्यानं काही ते बदललं नाही. हजार वर्षांपासून देवदूत असेच उभे राहत आलेत, म्हणाला. पण त्या दिवशी त्याच्या बायकोला, त्या हसऱ्या काताल्दाला, परांचीखाली बसून पोट धरून हसताना मी पाहिलं. पोटही तेव्हा चांगलंच पुढे आलेलं होतं. द्राक्षं उतरली त्या सुमारास ती बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशी गेली. मुलगी मात्र ठणठणीत, आवाज असा की माझ्या भट्टीपर्यंत यायचा.

ओर्सो सकाळी पोरीला दाईच्या घरून घेऊन यायचा, छातीशी धरून देवळाच्या दारात उभा राहायचा, आणि काय करावं ते त्याला सुचायचं नाही. वर चुना वाळत असायचा. नुतानं एक अक्षर न बोलता धुण्याची टोपली पुढे केली. पोर टोपलीत, दुपट्यांच्या ढिगात. दिवसभर ती टोपली नुताच्या काखोटीला. नदीवर, माझ्या भट्टीवर, देवळात. दूध पाजायला तेवढी दाईकडे. संध्याकाळी ओर्सो चुन्यानं माखलेला खाली उतरायचा आणि टोपलीत डोकावायचा. आधी नुसता डोकावायचा. मग जरा बसायला लागला. मग त्यांचं तिघांचं जेवण एकत्र व्हायला लागलं, आणि नुता खिडकीत उभी राहायला लागली. मला सगळं दिसत होतं, माझी खिडकी समोरच आहे.

नाताळानंतर त्यानं विचारलं. ती "विचार करते" म्हणाली आणि तशीच धावत माझ्याकडे येऊन तिनं मला इतकी जोरात मिठी मारली की माझ्या हातातलं परातभर पीठ सांडलं. लग्न ईस्टरनंतर, उपासाच्या दिवसांत लग्नं होत नाहीत. गावात कुणाला आनंद झाला नाही असं नाही. बिंदोसुद्धा म्हणाला, "चला, बाहेरचा का होईना, एक तरी सापडला."

एकच गोष्ट सांभाळायची होती. ईस्टरच्या आदल्या शनिवारी पोरीला पाण्यातून नुतानं घ्यायचं नाही. दुसरं कुणीही घेऊ दे. मी म्हटलं मी घेते. पण मध्ये घुसल्या मोन्ना सोबिल्या. मोन्ना म्हणजे बाईसाहेब; लोकर-संघाच्या प्रमुखाची बायको. घुमटाचे पैसे यांच्या नवऱ्याच्या शिक्क्यानं सुटायचे. मिस्त्रीच्या मुलीची धर्माची आई मीच होणार, त्यांनी जाहीर करून टाकलं. पोरीवर माया वगैरे काही नव्हती. घुमटात अजून एका संत बाईचा चेहरा भरायचा राहिला होता, आणि मोन्ना सोबिल्या ओर्सोसमोर सारख्या मान एका बाजूला वळवून बसायच्या, एवढं सांगते. ओर्सो कसा नाही म्हणणार?

"जाऊ दे गं," नुता म्हणाली. "घेऊ देत त्यांना. पाण्यातून घरापर्यंतचाच तर प्रश्न आहे. पुढची सगळी वर्षं माझीच आहेत."

शनिवारी पहाटेपासून मी तिच्या मागे लागले. "हात मागे बांध बघू. असे. आणि तसेच ठेव."

"मग दुपटी कुणी द्यायची?"

"दुपटं खांद्यावर टाक, ज्याला हवं तो ओढून घेईल!"

ती हसत होती, मी नव्हते.

दारं उघडली आणि अख्खं गाव आत शिरलं. आयांचा आरडाओरडा, पोरांची रडारड, मेणाचा वास, आणि वर अर्धा घुमट सोन्याचा, अर्धा नुसता गिलावा. मेणबत्त्या हलल्या की वरचं सोनं खरंच जागं व्हायचं. यॉर्दनचं पाणी वाहतंय असं वाटायचं. बाप खांबांमागे उभे, रीतच आहे तशी. ओर्सो परांचीच्या पहिल्या फळीवर चढला होता म्हणून तो सगळ्यांच्या वर दिसत होता. मी ऊन दुपट्यांची टोपली घेऊन दुसऱ्या रांगेत अडकलेले. पुढच्या खळग्यात म्हातारे पाद्री रानिएरी, झगा कोपरापर्यंत भिजलेला. त्यांच्यासमोर मोन्ना सोबिल्या, अंगात पिवळं रेशीम, बाह्या गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या. त्यांच्या शेजारी नुता, खांद्यावर दुपटं, हात पाठीमागे. शहाण्यासारखी.

मोन्ना सोबिल्यांनी विश्वासाची प्रार्थना, बाळाच्या वतीनं धर्माची आई म्हणते ती, खणखणीत म्हटली. रानिएरींनी पोरीला पास्क्वा नाव दिलं, ईस्टरचंच नाव, आणि बुडवली. एकदा. दोनदा. तीनदा. मग वर काढून धरली आणि नेहमीसारखं विचारलं, "कोण घेतंय हिला?"

मोन्ना सोबिल्या पुढे झाल्या आणि थबकल्या. पोरीच्या अंगावरून पाणी ओघळत होतं. बाह्या सावरायला त्यांनी एक मोलकरीण आणली होती, ती गर्दीत कुठंतरी मागे राहिली होती. "एक क्षण, बुवा," त्या म्हणाल्या. "माझ्या बाह्या. अगं ए, कुठं मेलीस? बाह्या धर!"

पास्क्वा इतका वेळ किंचाळत होती, ती एकदम गप्प झाली. ओठ काळेनिळे. आजूबाजूच्या प्रत्येक बाईच्या हातात आपापलं मूल, कोण हात पुढे करणार? मी टोपली टाकली आणि पुढे घुसायला पाहिलं, पण माझ्यापुढे कसाईगल्लीच्या बायकांची भिंत. "कोण घेतंय हिला?" रानिएरींनी दुसऱ्यांदा विचारलं, आणि त्यांचा आवाज घाबरलेला होता.

मी नुताकडे पाहत होते. तिचे हात मागे होते. मला तिची बोटं दिसत होती, एकमेकांत इतकी घट्ट अडकवलेली की पांढरी पडली होती. तिनं मान वळवून परांचीकडे पाहिलं, सरळ ओर्सोकडे. घाईत नव्हे. चांगलं नीट पाहिलं त्याच्याकडे. मग बोटं सुटली.

"मी," ती म्हणाली, आणि घेतलं.

दुपट्यात गुंडाळून तिनं पोरीची पाठ अशी काही चोळली की पुढच्या क्षणी पास्क्वानं अख्खा घुमट डोक्यावर घेतला. रानिएरींनी लगेच पुढचं मूल हातात घेतलं, त्यांच्यापुढे रांग होती. मोन्ना सोबिल्या मात्र कोरड्या बाह्या घेऊन ओरडत राहिल्या की माझा हक्क या धोबिणीनं हिसकावला.

रविवारी गावानं मटणसुद्धा नीट खाल्लं नाही, एवढा हा विषय चघळला. सोमवारही त्यातच गेला. मंगळवारी बिशपांचे कारभारी, पाद्री लांफ्रांको, यांनी सगळ्यांना बोलावलं. जाडजूड, झोपाळू, मनानं चांगला माणूस. भांडण मिटवून जेवायला घरी जावं एवढीच त्यांची इच्छा असायची. त्यांच्या खोलीत मोन्ना सोबिल्या आणि त्यांचा नवरा एका बाजूला, ओर्सो आणि नुता दुसऱ्या, आणि मी पास्क्वाला मांडीवर घेऊन दाराशी. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण पोर कुणी धरायची?

लांफ्रांकोंनी आधीच वाट काढून ठेवली होती. ते नुताला म्हणाले, "बाई, तुझ्याजवळ काय होतं?"

"दुपटं, बुवा."

"दुपटं कशासाठी असतं?"

"पुसायला."

"वा! म्हणजे तू पोरीला पुसायला घेतलंस. धर्माची आई म्हणून नव्हे. नियम मन पाहतो, नुसते हात पाहत नाही. गडबडीत, चुकून, हातात आली. मोन्ना सोबिल्यांनी प्रार्थना म्हटली आहे, धर्माची आई त्याच. आणि तू या मिस्त्रीशी खुशाल लग्न कर. चुकून घेतलं, एवढं म्हण आणि सुट."

मला तर उठून त्या जाड्या माणसाचे हात धरावेसे वाटले. मोन्ना सोबिल्यांची मानही पुन्हा एका बाजूला वळली. ओर्सोनं इतक्या जोरानं श्वास सोडला की सगळ्यांना ऐकू गेला. एका शब्दात सगळ्यांचं भागत होतं.

नुता माझ्या मांडीवरच्या पास्क्वाकडे पाहत होती.

"बाई?" लांफ्रांको म्हणाले.

"नाही, बुवा. चुकून नाही घेतलं."

"अगं, नीट आठव. गर्दी होती, घाई होती..."

"रानिएरीबुवांनी विचारलं, कोण घेतंय. मी 'मी' म्हटलं. त्याचा अर्थ काय होतो ते मला माहीत होतं. माझ्याइतकं गावात कुणाला माहीत असणार?"

"नुता!" ओर्सो उभाच राहिला. "अगं, काय करतेस? कारभारीबुवा स्वतः सांगताहेत ना? हो म्हण आणि मोकळी हो! कुणाचं काय बिघडतंय त्यात?"

"तिचं," नुता म्हणाली, आणि माझ्या मांडीकडे बोट केलं. "मिस्त्री, या गावात काही झाकून राहतं का? उद्या ती मोठी होईल. कुणीतरी तिला सांगणारच, की तुझी आई तिसऱ्या दिवशी गेली, जिनं तुला घ्यायचं तिला तिच्या बाह्या जास्त होत्या, आणि जिनं घेतलं तिनं चुकून घेतलं. कसं वाटेल हो तिला? एवढ्या गर्दीत तिला मुद्दाम घेणारं कुणीच नव्हतं, असं ऐकत वाढायचं का तिनं? मी तिला मुद्दाम घेतलं. मला माहीत होतं काय जाणार ते, तरी घेतलं. आता मी नाही खोटं बोलणार त्याबद्दल."

लांफ्रांकोंनी समोरचा कागद गुंडाळून ठेवला.

ओर्सो चिडला होता. मी त्याला तसं कधीच पाहिलं नव्हतं; कानशिलं लाल, आवाज चिरलेला. "म्हणजे तुला माझ्यापेक्षा ती जास्त झाली?"

"हो," नुता म्हणाली. ती रडत होती, पण आवाज सरळ होता.

तो मटकन बाकावर बसला आणि त्यानं चुन्यानं फुटलेले दोन्ही हात तोंडावर घेतले. आतून आवाज आला. "बाप आहे मी तिचा. यावर तुझ्याशी भांडू तरी कसा?"

तो गेला असता व्हेनिसला, तर कुणी नावं ठेवली नसती. नाही गेला. घुमट पुरा झाला, तरी कुठला ना कुठला खडा सैल झाला म्हणून राहिला, आणि ज्या संत बाईचा चेहरा उरला होता तो काताल्दासारखा झाला, यावरून मोन्ना सोबिल्यांनी वर्षभर अबोला धरला. दुसरं लग्न त्यानं केलं नाही. रोज संध्याकाळी नुताकडे जेवायचा आणि आपल्या घरी झोपायला जायचा. कोम्पारेच्या येण्याजाण्याला गाव काय बोलणार? पास्क्वाचं अंथरूण दोन्ही घरांत होतं. माझ्या खिडकीतून मी पाहायचे, आणि मला ते बघवायचं नाही आणि न बघताही राहवायचं नाही.

पण त्या मंगळवारी ओर्सोसारखी मी गप्प बसले नाही. नुतानं पोरीला माझ्या मांडीवरून उचलून खांद्यावर टाकली आणि बाहेर पडली, आणि मी तिच्यामागे सगळा चौक ओलांडेपर्यंत भांडत आले. मूर्ख म्हटलं. हट्टी म्हटलं. एक शब्द, अगं, एक शब्द जड झाला तुला, देवानंसुद्धा मनावर घेतलं नसतं! आता बस जन्मभर दुसऱ्यांची दुपटी धूत! लोक दारात येऊन बघायला लागले. माझे डोळे वाहत होते आणि नाकही, आणि मी आणखी मोठ्यानं ओरडायला लागले.

सिंहांच्या दाराशी ती थांबली आणि माझ्याकडे वळली.

"तेद्दा, जरा हळू बोल गं," ती म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."

मग मी हळू बोलले.